निगेमान यांच्या तळघरातलं १९८२

बुर्कहार्ट निगेमान यांनी वर्तमानपत्राला पाठवलेलं पत्र एका ओळीचं होतं. 'आमच्याकडे तसं तळघर आहे', एवढंच. खाली सही, पत्ता, आणि फोन दुपारी एक ते तीन सोडून करावा अशी सूचना. पुढे जे काही झालं त्यात या पत्राचा दोष होता असं त्यांना आजही वाटत नाही. पत्र नीटनेटकं होतं. समाससुद्धा सोडला होता.

ग्रेफेल्सबेकच्या स्थानिक पेपरात एक निवेदन आलं होतं. ऐंशी सालानंतर हागेनमध्ये आणि आसपासच्या डोंगरातल्या गावांत पोरांनी जर्मन भाषेतल्या नव्या लाटेच्या संगीताचा जो धुमाकूळ घातला, त्यावर एक विनोदी चित्रपट निघत होता. नाव 'अर्धवेळ रोबोट'. त्या काळी एखादा बँड जिथे खरोखर सराव करत असे, असं तळघर त्यांना हवं होतं. निगेमान यांनी निवेदन दोनदा मनात वाचलं आणि तिसऱ्यांदा बायकोला, आन्नेग्रेटला, मोठ्याने वाचून दाखवलं. ती वाचनालयात नोकरीला असल्यामुळे कुणी मोठ्याने वाचू लागलं की तिचा चेहरा आपोआप कडक व्हायचा.

"यात तुझं नाव कुठे आहे?" तिने विचारलं.

"नाव नाही. पण वर्णन आपल्याच तळघराचं आहे."

"कपडे वाळत घालायच्या?"

"त्याच."

आन्नेग्रेटने भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. त्या इमारतीत बिऱ्हाडं आठ आणि वाळवणाचं तळघर एक, त्यामुळे कुणी कुठल्या वारी कपडे वाळत घालायचे हे १९७१ साली ठरलं होतं. त्यानंतर देशाची राजधानी बदलली, चलन बदललं, पण ते वेळापत्रक बदललं नव्हतं.

निगेमान यांचा त्या तळघरावरचा हक्क मात्र निर्विवाद होता. बावीस वर्षांचे असताना, आईवडिलांच्या याच घरात राहून, त्यांनी तिथे 'काल्टे प्लाटे' हा बँड काढला होता. काल्टे प्लाटे म्हणजे पाहुण्यांपुढे ठेवतात ती थंड पदार्थांची थाळी, सॉसेजच्या चकत्या, चीज आणि उकडलेल्या अंड्यांची. पण प्लाटे म्हणजे गाण्याची तबकडीसुद्धा. हा विनोद त्यांना स्वतःला सुचला होता आणि त्रेसष्टाव्या वर्षीही तो त्यांना शिळा वाटत नव्हता. बँडमध्ये माणसं तीन होती. गाणारी गुडुला, बास गिटार वाजवणारा इंगोल्फ आणि सिंथेसायझरवर निगेमान. चौथं एक ठोके देणारं यंत्र होतं, ते हवा दमट झाली की आपल्या मनाने लय बदलायचं, आणि ओल्या चादरींच्या त्या तळघरात हवा दमट नसेल असा दिवस उगवला नव्हता. त्यांचं एक गाणं त्या भागात थोडंफार गाजलं. त्याचे शब्द होते, 'बस गेली. मी राहिलो.' इतकेच, साडेतीन मिनिटं. गाताना चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही असा त्या काळचा शिरस्ता होता. लग्नानंतर आन्नेग्रेटने एकदा सहज विचारलं होतं की तिसरी ओळ काय आहे, तर निगेमान दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

आणि हे सगळं संपलं कसं, तेही आन्नेग्रेटला पाठ होतं. १९८२च्या जूनमध्ये काल्टे प्लाटेला कोलोनहून टेलिव्हिजनच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. त्याच दिवशी, त्याच वेळेला, आर्न्सबर्गला निगेमान यांची सरकारी नोकरीची परीक्षा होती. निगेमान परीक्षेला गेले. बँड तिथेच मोडला. 'मी संगीताचा त्याग केला', हे वाक्य तेहेतीस वर्षांच्या संसारात ते साधारण महिन्यातून एकदा उच्चारत, बहुतेक वेळा भांडी पुसताना.

आठवड्याभरात चित्रपटाची दिग्दर्शिका स्वतः आली. तिचं नाव फेन्या होल्टकाम्प, वय एकतीस, अंगात दोन मापं मोठा कोट. तळघर पाहून ती हरखली. निगेमान यांनी सिंथेसायझर कुठे असे, गुडुला कुठे उभी राहत असे, यंत्र कुठल्या पाइपाखाली ठेवलं तर कमी बिघडे, हे सगळं तपशिलात सांगितलं. तिने सगळं टिपून घेतलं आणि म्हणाली, जागा पक्की, फक्त इमारतीतल्या सगळ्यांची लेखी संमती तेवढी घ्या. 'तेवढी' हा शब्द तिने अगदी निरागसपणे वापरला. ती बर्लिनला एकटी राहत असावी.

सभा निगेमान यांच्या बैठकीच्या खोलीत भरली. आन्नेग्रेटने आलुबुखाराचा केक केला होता, त्यामुळे हजेरी पूर्ण होती. पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर श्ट्राकरयान हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी सल्ला दिला की करारात जमीन खचल्यास जबाबदारी कुणाची हे स्पष्ट असावं, कारण खालून जुन्या खाणी गेल्या आहेत. मग त्यांनी केकच्या ताटलीवर चमच्याने खाणींचा नकाशा काढून दाखवला. तिसऱ्या मजल्यावरचे ओर्हान अक्सोय स्क्रूच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, आपला काहीच विरोध नाही, उलट त्या काळची आपल्याला चांगली आठवण आहे. एकदा खालून आवाज आला तो ऐकून धुलाईयंत्राचा पट्टा तुटला असं त्यांना वाटलं, ते पाना घेऊन खाली गेले, आणि यंत्र चांगलं असूनही, आलोच आहोत तर, म्हणून उघडून नीट बसवून आले.

"सुरेख आवाज होता," ते म्हणाले. "फक्त पट्टा तुटल्यासारखा."

निगेमान यांनी ही प्रशंसा समजून स्वीकारली.

अडलं ते कोवालिकबाईंपाशी. वय चौऱ्याऐंशी, तळमजला, वाळवणाचा वार गुरुवार. १९८२ साली काल्टे प्लाटेच्या सरावावर पोलिसांत पहिली तक्रार यांनीच केली होती, दुसरीही, आणि सातवीही. त्या केकचे दोन तुकडे शांतपणे खाऊन म्हणाल्या की चित्रपट कुठलाही काढा, गुरुवार सोडून. फेन्याचं चित्रीकरण होतं सोमवार ते शुक्रवार. निगेमान यांनी समजावून पाहिलं की एकाच गुरुवारचा प्रश्न आहे. बाई म्हणाल्या, एकाच गुरुवारचा प्रश्न नेहमीच असतो. शेवटी त्यांनी सही केली, पण सहीच्या खाली 'गुरुवार वगळून' असं लिहिलं आणि त्याखाली पुन्हा सही केली.

संमतीनंतर आल्या परवानग्या. इथे निगेमान निर्धास्त होते, कारण ते स्वतः नगरपालिकेत अधिकारी होते. शहरातल्या सार्वजनिक आणि आवारातल्या एकूण एक झाडांची नोंद ठेवणारं जे खातं, त्याचे ते प्रमुख. चाळीस वर्षं त्यांनी इतर खात्यांतल्या लोकांबरोबर एकाच उपाहारगृहात बटाट्याचं सार प्यायलं होतं. तेव्हा बांधकाम खात्यात आपलं काम तोंडी होईल असं धरून ते जिना चढून ओस्टहुएसकडे गेले. टिलमान ओस्टहुएस आणि ते गेली एकोणीस वर्षं एका टेबलावर जेवत होते. ओस्टहुएसने वर पाहिलं आणि म्हणाला, "नंबर घेतलात का?"

निगेमान यांना आधी तो थट्टा करतोय असं वाटलं. पण ओस्टहुएस उपाहारगृहात त्यांना तू म्हणे आणि इथे तुम्ही म्हणत होता, यावरून प्रकरण गंभीर आहे हे त्यांनी ओळखलं. ते खाली गेले, नंबर घेऊन आले, बाकावर बसले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सात मिनिटांनी त्यांचा नंबर पुकारला गेला. ओस्टहुएसने समजावून सांगितलं की वाळवणाच्या खोलीत संगीत वाजणार, म्हणजे खोलीच्या वापरात बदल होतो. वापर बदलला की अग्निशमन खात्याचा अभिप्राय लागतो, आणि गाड्या लावायच्या तर रस्त्यावर वाहनबंदीच्या पाट्या चार पूर्ण दिवस आधी लागाव्या लागतात. बोलण्यात कुठेही चूक नव्हती. निगेमान स्वतः लोकांना इतकी वर्षं याच स्वरात समजावत आले होते, फक्त तो स्वर टेबलाच्या या बाजूने कसा ऐकू येतो हे त्यांना माहीत नव्हतं. दुपारी जेवताना ओस्टहुएसने त्यांना खांद्यावर थोपटून विचारलं, "काय रे, चेहरा का उतरलाय?"

पण खरी पंचाईत व्हायची होती ती झाडाने केली. इमारतीच्या मागच्या आवारात एक लिंडनचं झाड आहे, नोंद क्रमांक ४४७१. चित्रपटवाल्यांची वीज पुरवणारी गाडी तिथेच उभी करावी लागणार होती, म्हणजे झाडाच्या मुळांच्या पट्ट्यात, आणि त्या पट्ट्यात अवजड वाहन आणायला झाडांच्या खात्याच्या प्रमुखाची परवानगी लागते. निगेमान यांनी रीतसर अर्ज केला. दोन दिवसांनी तो अर्ज रीतसर त्यांच्याच टेबलावर आला. अर्जदार आणि निर्णय घेणारा एकच असेल तर त्याने निर्णय घेऊ नये, प्रकरण दुय्यम अधिकाऱ्याकडे द्यावं, हा नियम त्यांनीच २००९ साली खात्यात लागू केला होता. दुय्यम अधिकारी गुडघ्याच्या उपचारासाठी समुद्रकाठच्या आरोग्यधामात सहा आठवडे गेली होती. निगेमान यांनी तासभर विचार केला. मग कागद पुढे ओढला आणि स्वतःला नकाराचं पत्र लिहिलं. 'आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला असता' असं सुरू होणारं ते पत्र शनिवारी टपालाने घरी आलं. आन्नेग्रेटने ते फोडून वाचलं आणि नवऱ्याला विचारलं की तुझं कुणाशी भांडण झालंय का. निगेमान म्हणाले, नाही, पण नकाराची भाषा जरा जास्तच कोरडी आहे, पुढच्या वेळी बदलायला हवी.

तोडगा डॉक्टर श्ट्राकरयान यांनी काढला. त्यांचं गॅरेज आवाराच्या तोंडाशीच होतं, गाडी तिथे लावा म्हणाले. ते आपली मोटार मोठ्या मनाने गॅरेजमधून बाहेर काढून रस्त्यावर उभी करून आले. ती त्यांनी जिथे उभी केली तिथे आदल्या आठवड्यात, चार पूर्ण दिवसांची मुदत पाळून, निगेमान यांच्याच अर्जावरून वाहनबंदीची पाटी लागली होती. तासाभरात मोटार उचलून नेली गेली. डॉक्टर श्ट्राकरयान तिथे पाटीखाली उभे राहून बराच वेळ ती वाचत होते. ते रागावले नाहीत. पुढे महिनाभर ते निगेमान यांना जिन्यात भेटले की थांबून, अगदी सौजन्याने, त्या दिवशीची हकिगत पहिल्यापासून सांगत. रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी चित्रपटाचे रंगारी आले. त्यांनी तळघर पाहून सांगितलं की हे १९८२सारखं दिसत नाही. निगेमान यांनी नम्रपणे निदर्शनास आणलं की १९८२नंतर इथे दिव्याचा गोळा सोडून काहीही बदललेलं नाही. रंगारी म्हणाले, तेच तर. दुपारपर्यंत एक भिंत गुलाबी झाली, दुसरीवर काळ्या-पांढऱ्या चौकटी आल्या, आणि जिथे कपड्यांचे चिमटे ठेवायची टोपली असायची तिथे निळ्या प्रकाशाचा त्रिकोण लटकला. निगेमान फेन्याकडे गेले. "तेव्हा असं नव्हतं हो," ते म्हणाले. "भिंती राखाडी होत्या. आम्ही सगळेच राखाडी होतो."

"मला माहीत आहे," फेन्या म्हणाली. "पण लोकांना असं आठवतं."

"मला नाही आठवत."

"तुम्ही तिथे होतात म्हणून," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिने त्यांना सौजन्य म्हणून पटकथेची एक प्रत दिली. निगेमान यांनी ती जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात बसून, हातात पेन्सिल घेऊन वाचायला घेतली, चुका सुधारून द्याव्यात या हेतूने. विसाव्या पानापर्यंत त्यांनी तीन सुधारल्या. एकविसाव्या पानावर 'बेर्न्ट' आला. बेर्न्ट हा बँडमधला सिंथेसायझर वाजवणारा पोरगा. कपाळावर घाम, केसांना नीट भांग, खिशात नेहमी चार पेन. सगळे बंडखोरी करत असताना हा बसच्या पासाची मुदत तपासतो. आणि चौसष्टाव्या पानावर, बँडला टेलिव्हिजनचं बोलावणं आलेलं असताना, बेर्न्ट सरकारी कारकुनाच्या परीक्षेला पळून जातो. पानाच्या बाजूला कंसात लिहिलं होतं, 'प्रेक्षागृहात हशा'.

निगेमान यांनी पेन्सिल खाली ठेवली. कारकून हा शब्द त्यांना सर्वांत जास्त लागला. ती परीक्षा मध्यम श्रेणीच्या प्रशासनाची होती.

"मीच का तो?" त्यांनी आन्नेग्रेटला विचारलं.

तिने पानं चाळली. "चार पेनं तुझी नाहीत," ती म्हणाली. "तू तीन ठेवतोस."

दुसऱ्या दिवशी ते फेन्याला भेटले. तिने अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. बँडची सगळी हकिगत तिला गायिकेने सांगितली होती, गुडुलाने. गुडुला आता झोएस्टला दातांची डॉक्टर आहे, गुरुवारी चित्रीकरण पाहायला येणार आहे. आणि बेर्न्ट प्रेक्षकांचा लाडका होणार आहे, काळजी करू नका. निगेमान म्हणाले की त्या परीक्षेला जाण्यामागे वडिलांचं आजारपण होतं, घराचा विचार होता, ते कुठेच आलेलं नाही. फेन्याने खरोखर विचार केला. मग म्हणाली की ते आलं तर हशा जातो.

निगेमान यांच्या मनात एकदा आलं की तळघराची परवानगी काढून घ्यावी. पण त्यासाठी पुन्हा नंबर घेऊन ओस्टहुएसच्या बाकावर बसावं लागलं असतं.

गुरुवारी सकाळी दहाला त्या दिवसाचं चित्रीकरण सुरू झालं, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी कोवालिकबाई ओल्या चादरींची बादली घेऊन खाली आल्या. तळघरात अकरा माणसं, दिवे, गुलाबी भिंत, आणि बेर्न्टच्या भूमिकेतला यान्निस नावाचा चोवीस वर्षांचा नट सिंथेसायझरपाशी उभा. वाजत होतं तेच गाणं, 'बस गेली. मी राहिलो.' बाईंनी बादली खाली ठेवली. त्या काय म्हणाल्या ते सगळं इथे देता येणार नाही, पण सुरुवात 'माणसं राहतात इथे' अशी होती. मग त्यांनी बँडच्या प्रत्येकाचा, एक-एक करून, केसांपासून बुटांपर्यंत समाचार घेतला. चार मिनिटं. यान्निसने घाबरून दोनदा माफी मागितली. बाईंचा आवाज, हाताची बोटं, बादली ठेवायची पद्धत, सगळं एकेचाळीस वर्षांपूर्वीचं जसंच्या तसं होतं. त्या तळघरात खरं १९८२ होतं ते तेवढंच, आणि कॅमेरा चालू होता.

फेन्याने डोळे पुसले. शेजारणीच्या भूमिकेसाठी हानोव्हरहून आणलेली नटी होती, तिला तिने घरी जायला सांगितलं आणि बाईंना विनवलं की हेच जरा दुसऱ्या बाजूने पुन्हा एकदा घेऊ या.

"मी एकदा सांगितलं की सांगितलं," कोवालिकबाई म्हणाल्या, आणि गुलाबी भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत दोरी बांधून चादरी वाळत घालायला लागल्या. दृश्यात पुढे ज्या चादरी दिसतात, आणि ज्यांच्याबद्दल एका समीक्षकाने 'भूतकाळाच्या पडद्याचं प्रतीक' असं लिहिलं, त्या या.

मग दुसरीच अडचण उभी राहिली. यान्निसला सिंथेसायझर वाजवता येत नव्हता. सूर तीनच होते, पण ते चेहरा स्थिर ठेवून वाजवायचे होते, आणि तो सुरांकडे लक्ष द्यायला लागला की चेहरा हलायचा. बोटं जवळून दाखवायची होती. सगळ्यांनी निगेमान यांच्याकडे पाहिलं. निगेमान यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्यावर चाळीस वर्षांचं ऊन, डाग आणि लग्नाची अंगठी होती. फेन्याची मदतनीस काही न बोलता वर गेली आणि कोवालिकबाईंच्या मोरीतले पिवळे रबरी हातमोजे घेऊन आली. निगेमान यांना वाटलं की हा अपमान आहे. पण मोजे घालून, वाकून, त्यांनी पहिला सूर दाबला आणि बोट आपोआप दुसऱ्याकडे गेलं. तिन्ही सूर बोटांना माहीत होते. साडेतीन मिनिटं त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही, जरी चेहरा कुणीही दाखवत नव्हतं.

मोजे काढून मागे वळले तर चादरींच्या पलीकडे गुडुला उभी होती. केस पांढरे, अगदी आखूड. उभं राहायची ढब तीच, एक खांदा जरा खाली.

"दुसरा सूर अजून लांबवतोस," ती म्हणाली.

दोघं आवारात लिंडनखालच्या बाकावर जाऊन बसले. इंगोल्फ दोन वर्षांपूर्वी गेला, एवढं तिने सांगितलं. मग निगेमान यांनी जे एकेचाळीस वर्षं मनात ठेवलं होतं ते बोलून टाकलं. त्या दिवशी कोलोनला तुम्हा दोघांचं काय झालं असेल, मी नाही म्हणून तुम्हाला कसं परत पाठवलं असेल, हे मी किती वेळा मनात पाहिलंय, असं ते म्हणाले. मला माफ कर, असंही म्हणाले. माणसांची माफी मागायची त्यांना सवय नव्हती, नागरिकांची होती. त्यामुळे वाक्यात 'झालेल्या गैरसोयीबद्दल' असे शब्द आले.

गुडुला त्यांच्याकडे बघत राहिली. "आम्ही कोलोनला गेलोच नाही," ती म्हणाली. "दोन दिवस आधीच फोन आला होता. आपल्याला काढलं होतं. आपल्याऐवजी शिट्टी वाजवणारा पोपट घेतला होता त्यांनी."

"पोपट."

"करडा. मी पाहिला तो कार्यक्रम. चांगला होता."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू परीक्षेला जातोस का, बघायचं होतं मला." ती बाकाची फळी नखाने खरवडत होती. "सकाळी स्टेशनवर आले होते मी. तुला पाहिलं गाडीत चढताना. टाय लावला होतास. म्हटलं, ठीक आहे, ठरलं याचं. दुसऱ्या महिन्यात मीही दंतवैद्यकाला अर्ज केला."

"मग या पोरीला हे का नाही सांगितलंस? पोपटाचं?"

"सांगितलं असतं तर तिने तुझ्याऐवजी पोपटच घेतला असता," गुडुला म्हणाली.

निगेमान यांनी त्यावर विचार केला आणि त्यांना ते पटलं. तरी कर्तव्य म्हणून ते फेन्याकडे गेले आणि खरी हकिगत सांगितली. ती उत्साहाने ताडकन उठली, मग तिच्या मदतनीसने हलक्या आवाजात सांगितलं की पोपट म्हटला की त्याचा शिक्षक आला, पशुवैद्याचा दाखला आला, वन्यप्राण्यांच्या खात्याची परवानगी आली. फेन्या परत खाली बसली. निगेमान यांनी समजुतीने मान हलवली. या बाबतीत ते चित्रपटवाल्यांच्या बाजूचे होते.

संध्याकाळी भांडी पुसताना त्यांनी आन्नेग्रेटला सगळं सांगितलं. ती बराच वेळ एकच ताटली पुसत होती.

"म्हणजे तू कशाचाच त्याग केला नव्हतास," ती म्हणाली.

"तसं नाही म्हणता येणार. मला माहीत नव्हतं ना. माझ्या बाजूने त्याग होता."

"तेहेतीस वर्षं मी वाईट वाटून घेत होते बुर्कहार्ट. दर महिन्याला."

त्या दिवसापासून ते भांडी मुकाट्याने पुसायला लागले, आणि आन्नेग्रेटने मागाहून कबूल केलं की सुरुवातीला तिला स्वयंपाकघर फार शांत वाटायचं. निगेमान यांना मात्र काय वाटत होतं हे सांगणं अवघड आहे. इतकी वर्षं आपण एक अपराध आणि एक त्याग असे दोन दगड बाळगून होतो, आणि दोन्ही एका पोपटाने नेले, याने माणूस हलका होतो की रिकामा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

पुढच्या वसंतात 'अर्धवेळ रोबोट'चा पहिला खेळ ग्रेफेल्सबेकच्या चित्रपटगृहात झाला, रविवारी दुपारी चारला. सगळी इमारत गेली होती. डॉक्टर श्ट्राकरयान बसने आले. कोवालिकबाई ठेवणीतला निळा पोशाख घालून पहिल्या रांगेत बसल्या आणि पडद्यावर स्वतः आल्या तेव्हा म्हणाल्या की बादली दुसरी घ्यायला हवी होती. निगेमान यांचे हात चार सेकंद दिसले. त्यांनी मोजले होते. बेर्न्टवर लोक हसले, खूप हसले, चौसष्टाव्या पानाशी तर इतके की पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. निगेमान नवव्या रांगेत ताठ बसून होते. आन्नेग्रेटने त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवला नाही.

खेळ संपल्यावर फेन्या, गुडुला आणि यान्निस मंचावर खुर्च्या टाकून बसले, प्रेक्षकांनी प्रश्न विचारावेत म्हणून. दोन-तीन प्रश्न कपड्यांबद्दल झाले. मग मागच्या बाजूने एक मध्यमवयीन बाई उठली. बहुधा परिचारिका असावी, अंगावर तसाच पांढरा कोट होता, कामावरून परस्पर आली असावी. तिने विचारलं, "त्या पोराच्या परीक्षेचं काय झालं?"

फेन्याला प्रश्न कळला नाही.

"बेर्न्टच्या. सगळं सोडून गेला ना तो परीक्षेला. मग पास झाला का नापास? ते दाखवलंच नाही तुम्ही."

फेन्याने यान्निसकडे पाहिलं, यान्निसने गुडुलाकडे. त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. गुडुलाच्याही नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती नवव्या रांगेत कुणालातरी शोधू लागली.

निगेमान उठून उभे राहिले. असं करायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

"पास झालो," ते म्हणाले.

सगळं प्रेक्षागृह त्यांच्याकडे वळलं. कुणीतरी ध्वनिक्षेपक आणून त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी फॉर्म धरावा तसा धरला. परिचारिकेने विचारलं, कितवे आलात. ते म्हणाले, एकशे अठरांत दुसरा. पहिली आलेली मुलगी पुढे जिल्ह्याच्या पाणीखात्यात गेली, फार हुशार होती. लेखी अवघड होतं का, असं कोपऱ्यातून कुणी विचारलं. लेखी सोपं होतं, तोंडीला घाम फुटला, ते म्हणाले. मग, काय विचारलं होतं तोंडीला, हा प्रश्न एकाच वेळी दोघा-तिघांनी केला.

निगेमान यांना ते आठवावं लागलं नाही. तीन परीक्षक होते, त्यांनी सांगितलं, मधल्याला ऐकू कमी येत होतं, खिडकी उघडी होती. त्याने विचारलं, सार्वजनिक रस्त्यावर झाड आहे आणि त्याची सावली खासगी अंगणात पडते, तर सावलीवर हक्क कुणाचा.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" परिचारिकेने विचारलं.

"मी म्हटलं, जो तिच्यात उभा राहील त्याचा."

मंचावर गुडुलाने खाली पाहिलं.

"बरोबर होतं उत्तर?"

"नाही," निगेमान म्हणाले. "उत्तर चूक होतं. पण मधला म्हणाला, ऐकू नीट आलं नाही, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. तर म्हणाला, याला झाडांकडे द्या."

ते खाली बसले. आजूबाजूला काय चाललंय ते त्यांना नीटसं कळत नव्हतं, कारण कानात आवाज भरला होता. आन्नेग्रेट त्यांच्याकडे वळून, तिचा वाचनालयातला कडक चेहरा करून बघत होती. फक्त तो आज नीट जमत नव्हता.

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

निगेमान यांनी ध्वनिक्षेपक पुढच्या माणसाकडे दिला. "कुणी विचारलंच नव्हतं," ते म्हणाले.